‘परम’च्या पोटातले पोर्टिंग
पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात १९८८ साली सी-डॅकने बस्तान बसवले आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. ही कथा मराठी वाचकांना पाठ आहे. त्यानंतरचे एक कष्टाचे काम मात्र फारसे कुणी सांगत नाही. पुढे ‘परम’च्या जवळजवळ प्रत्येक पिढीत प्रोसेसर बदलला, आणि त्याला अगदी चिकटून चालणारे सॉफ्टवेअर दर वेळी कुणाला तरी नव्याने बसवावे लागले. यालाच पोर्टिंग म्हणतात.

‘परम ८०००’ इनमॉसच्या टी-८०० ट्रान्सप्युटरवर चाले. विलक्षण चिप होती ती. कोणती प्रक्रिया चालवायची, कोणती थांबवायची, हे ती स्वतःच ठरवी. शेजारच्या चिपशी बोलायला चार दुवे तिच्यातच होते, आणि पाठवणारा व घेणारा दोघेही तयार झाल्याशिवाय निरोप हलत नसे. ‘परम ९०००’ सुपरस्पार्कवर आला तेव्हा यातले काहीच चिपमध्ये उरले नव्हते. सिलिकॉनने केलेले काम आता सॉफ्टवेअरने करायचे होते. १९९४ मध्ये निरोपांची देवाणघेवाण कशी करायची हे ठरवणाऱ्या एमपीआय या प्रमाणाची पहिली आवृत्ती आली, तेव्हा कुठे प्रोग्रॅमला एकाच चिपच्या सवयींतून सुटण्याची वाट मिळाली.

मग ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर-४ वर आला, २००८ चा ‘परम युवा’ इंटेलच्या झिऑनवर. बाइटांचा क्रमही असाच उलटसुलट होत गेला. ट्रान्सप्युटर संख्येचा धाकटा बाइट आधी ठेवी, स्पार्क आणि पॉवर थोरला, झिऑन पुन्हा धाकटा. मेमरीतून जसाच्या तसा फाइलीत उतरवलेला ३२ बिटांचा १ उलट क्रमाच्या यंत्रावर वाचला, तर तो १,६७,७७,२१६ होतो.

आता सी-डॅकने आर्मच्या निओव्हर्स व्ही-१ वर बेतलेला, ९६ कोअरचा ‘औम’ हा प्रोसेसर हाती घेतला आहे. झिऑनवर मुरलेला कोड आर्मवर नेताना सुरुवात सोपी असते. असेम्ब्लीच्या जुन्या ओळींवर कंपायलर स्वतःच बोट ठेवतो. त्रास देतात ती कुठेच लिहून न ठेवलेली गृहीतके. सी भाषेतला साधा ‘चार’ (char) प्रकार झिऑनच्या लिनक्सवर उणे असू शकतो, आर्मच्या लिनक्सवर नाही. मग उणे एक दिसला की थांबणारे लूप थांबतच नाही.

मेमरीचे गृहीतक याहून खोल असते. एक कोअर आधी माहिती लिहितो, मग ‘तयार’ अशी खूण करतो. झिऑन हा क्रम पाळतो. आर्मवर दुसऱ्या कोअरला खूण आधी आणि माहिती नंतर दिसू शकते. पॉवर-४ वरही तसेच होते, म्हणून तिथे मध्ये अडसर घालणाऱ्या सूचना लागत. झिऑनवर त्यांच्यावाचून निभावत असे, त्यामुळे अनेकांनी त्या घातल्याच नाहीत.

अशी चूक क्वचितच उगवते, आणि डीबगर लावला की वेळेचे गणित बदलून ती दडते. म्हणून पोर्टिंग करणारा मुख्यतः वाचतो. दोन कोअर एकच मेमरी हाताळतात ती प्रत्येक जागा शोधून तिथे ‘रिलीज’ आणि ‘अक्वायर’ हे क्रम राखणारे निर्बंध लावतो. नवा कोड लिहिणाऱ्याइतकेच श्रेय या वाचणाऱ्याला मिळायला हवे.

त्यानंतर सगळे कोअर एकदम जुंपून तासन्‌तास चाचणी. दुरुस्त केलेला कोड झिऑनवरही पुन्हा तपासावा लागतो, कारण जुने वापरकर्ते तिथेच आहेत. पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली आलेला ‘प्रत्यूष’ आणि त्यानंतरचा २०२४ मधला ‘अर्क’ हे दोन्ही महासंगणक झिऑनच्याच एक्स-८६ घराण्यातले आहेत.