तो सरकणारा प्रकाश ड्रोनचा की उपग्रहाचा? असे ओळखा

जुलै 2024 मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी आल्या आणि विषय विधानसभेत पोहोचला. त्या दिवसांत मराठवाड्यातील इतर गावांतही ड्रोनच्या चर्चेने लोकांची झोप उडाली होती. अशा वेळी आकाशातला प्रत्येक हलता दिवा ड्रोनच वाटू लागतो. घरात दुर्बीण असेल तर फरक ओळखता येतो, पण आधी नुसत्या डोळ्यांनी नीट पाहा.

थांबला का? वळला का?

उपग्रह थांबत नाही, वळत नाही, त्याचा आवाजही येत नाही. लुकलुक न करता तो एका लयीत सरकतो आणि अनेकदा आकाशाच्या मध्यावरच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. त्याला स्वतःचा दिवा नसतो. दिसतो तो त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश. म्हणून कमी उंचीवरचे उपग्रह सूर्यास्तानंतर आणि पहाटेच जास्त दिसतात. मध्यरात्री एक वाजता हवेत थांबलेला, मग वळलेला दिवा उपग्रह नाही. पावसाळ्यात तर आणखी सोपे: प्रकाश ढगांच्या खाली असेल, तर उपग्रहाचा प्रश्नच उरत नाही.

विमानाला डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि शिवाय चमकणारा पांढरा दिवा असतो. चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच असल्याने आपल्याकडे अशी गल्लत सहज होते.

दुर्बिणीत काय दिसते?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून 90 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारते. ते आकाशात पाच-सहा मिनिटे दिसते, पण दुर्बिणीतून क्षणात निसटते. त्यामुळे कमी मोठे दाखवणारे भिंग लावा. दुर्बिणीत चित्र बहुधा उलटे असते, म्हणून दिशा डोळ्यांनीच ठरवावी.

खरी गंमत हिवाळ्यात आहे. मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांचा पट्टा आणि त्याखालचा तेजोमेघ यांच्या मधोमध दुर्बीण रोखा. सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरचे, टीव्ही प्रक्षेपणाचे उपग्रह जालन्यातून याच पट्ट्यात येतात. दुर्बीण स्थिर ठेवली, तर तारे सरकतात आणि एखादा मंद ठिपका जागेवरच राहतो. त्यासाठी दुर्बीण जरा मोठी आणि आकाश काळोखे हवे.

आगीचे गोळे

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि खानदेशात लोकांनी आगीची रांग पाहिली. उल्का क्षणात विझते. ही रांग मात्र सावकाश गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. अवकाशतज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा भाग होता. एका सरळ रांगेत जाणारे, न जळणारे ठिपके मात्र बहुधा नुकत्याच सोडलेल्या स्टारलिंक उपग्रहांचे असतात.

मोबाइलवर झूम करून काढलेल्या व्हिडिओवर विसंबू नका. फोकस सुटला की साध्या ताऱ्याचीही तबकडी होते आणि हात हलला की ती नाचते. त्यापेक्षा वेळ, दिशा आणि प्रकाश किती मिनिटे दिसला हे लिहून ठेवा. तो खाली घिरट्या घालत असेल, घरघर ऐकू येत असेल, तर 112 वर कळवताना हीच माहिती लागते.