बोटांआधी खांदा : लहानग्यांच्या खेळाबद्दलचे गैरसमज

पंजाबमधल्या झिरकपूरमध्ये बालवाडीला ‘प्ले-वे’ म्हणतात. ढकोली, बलटाना, व्हीआयपी रोड, कुठेही जा, अशी पाटी दिसतेच. नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी घरांतली मुलंही तिथेच जातात. पाटीवर खेळ लिहिलेला असला, तरी पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘लिहायला कधीपासून घेता?’ पुढच्या शाळेतल्या प्रवेशाची धास्ती खरी आहे, त्यासाठी आईबापांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या धास्तीपोटी काही समजुती पक्क्या बसल्या आहेत आणि त्यांचा भार मुलांवर पडतो.

सगळ्यांत घट्ट समजूत ही, की लवकर लिहायला लागलेलं मूल पुढे जातं. साडेतीन वर्षांच्या मुलाला ओळीत ‘अ’ गिरवताना जवळून पाहा. पेन्सिल मुठीत, सगळा हात खांद्यापासून हलतोय, दुसऱ्या हाताला कागद धरायचं भान नाही, आणि दोन ओळींत मूल वैतागतं. हा आळस नव्हे. जन्मतः मनगटातली आठही हाडं कूर्चेचीच असतात. ती एकेक करून टणक होतात, आणि शेवटचं तर साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. शरीरावरचा ताबाही साधारणपणे मान, धड, खांदा अशा क्रमाने येत येत बोटांपर्यंत पोचतो. खांदा स्थिर नसेल तर बोटं मोकळी होत नाहीत. म्हणून लिहिण्याची तयारी वहीत कमी आणि झोपाळ्याच्या दांडीला लटकण्यात, शिडी चढण्यात, भरलेला तांब्या न सांडता नेण्यात जास्त होते.

इथल्या हिवाळ्यात घरोघर मटार येतो. मुलाला समोर बसवा. अंगठ्याने शेंगेच्या शिवणीवर नेमका दाब द्यायचा, शेंग उघडली की एकेक दाणा चिमटीने काढायचा, दुसऱ्या हाताने शेंग धरून ठेवायची. पेन्सिलीला लागणारं सगळं त्यात आहे, शिवाय चार दाणे तोंडात टाकायची मुभाही.

हे काही परदेशी फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलांसाठी त्यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं हेच साहित्य मानलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२२च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या शिक्षणाचा गाभा खेळ हाच धरला आहे. त्यामुळे प्ले-वेत चौकशीला जाल तेव्हा मुलं दिवसातून किती वेळ धावतात, चढतात, मातीत हात घालतात, हे आधी विचारा.

‘एका जागी बसतं ते शहाणं, धावतं ते वांड’ हा दुसरा गैरसमज. स्वतःला आवरणं हे कौशल्य आहे आणि ते हालचालीतूनही येतं. विष-अमृतमध्ये ‘विष’ ऐकताच धावतं अंग जागीच थिजवायचं आणि कुणी ‘अमृत’ देईपर्यंत कळ काढायची. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये शिवाजीचं नाव आलं नाही, तर हात वर न्यायची ऊर्मी दाबायची. वर्गात बाईंचं ऐकून घ्यायला हाच लगाम लागतो. पंजाबी मुली जी किकली घालतात ती आपल्या फुगडीची सख्खी बहीण. हात गुंफून मागे झुकायचं, गरगरायचं आणि तोल सांभाळायचा. कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला ही उत्तम तालीम, आणि जोडीदारावर भरवसा ठेवायची सवयही. इथला कोकला छपाकी खेळताना मराठी मुलांना लगेच ‘मामाचं पत्र हरवलं’ आठवतं. सोसायटीत भाषा जुळली नाही तरी खेळ जुळतात, आणि भाषा त्यामागून येते.

‘संध्याकाळी अर्धा तास खाली नेतो, पुरे आहे.’ पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांची त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हवीत. ही एका दमात करायची नसतात. जिने चढणं, गाद्यांवरून लोळणं, ओट्यापर्यंत बेडूकउड्या, सगळं मोजायचं. महागड्या जिमची फी भरायची गरज नाही.

वॉकरमुळे मूल लवकर चालतं, हेही खोटं. उलट थोडा उशीरच होऊ शकतो, आणि जिन्यावरून पडण्याचा धोका तर मोठा आहे. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. बाळाला सतरंजीवर मोकळं सोडा.

‘थंडीत बाहेर खेळलं की सर्दी होते’ म्हणाल, तर सर्दी विषाणूंनी होते. स्वेटर-टोपी घालून उन्हात खेळणाऱ्या मुलाला थंडी बाधत नाही. धुरकट, खराब हवेच्या दिवशी मात्र घरातच खेळवा, ती काळजी रास्त आहे. एरवी बाहेरचा उजेड डोळ्यांसाठीही हवा. चीनमधल्या ग्वांगझू इथे पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी येण्याचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेवटचा गैरसमज नेमका उलट्या टोकाचा : ‘खेळू द्या, सगळं आपोआप येईल.’ बहुतेकांना येतं. भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या पाहणीत निरोगी बाळं आधाराशिवाय चालू लागण्याचं वय सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतकं पसरलेलं दिसलं, आणि काही रांगलीच नाहीत. पण अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, सतत टाचा उचलूनच चालत असेल, एकच हात वापरत असेल किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागलं असेल, तर खेळ वाढवून बघू म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत अशी तपासणी मोफत होते.