वाकलेली रेकॉर्ड: वजन की उष्णता?

एलपी वाकली की जाड पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली ठेवावी, आठवडाभरात सरळ होते, हा समज फार पक्का आहे. पण एलपी मुख्यतः पीव्हीसीची असते आणि ते खोलीच्या तापमानाला ताठ राहते. वजनाखाली रेकॉर्ड दबते. वजन काढले की बहुतेक बाक परत येतो. तिरपी टेकवलेली रेकॉर्ड खोलीतच वाकते, मग खोलीतच सरळ का होऊ नये, असा आक्षेप रास्त आहे. मात्र तो बाक महिनोन्‌महिन्यांच्या संथ ताणातून आलेला असतो. आठवड्याभराच्या दाबाने तो निघत नाही. आकार झटपट बदलायचा, तर प्लास्टिक मऊ पडायला हवे आणि ते साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते.

इथूनच दुसरा गैरसमज जन्मतो: दोन काचांमध्ये धरून ओव्हनमध्ये ठेवली की काम झाले. पण ध्वनी कोरलेल्या खाचेची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते आणि तिच्या भिंतींवर उंच स्वरांची वळणे याहून कितीतरी बारीक असतात. ज्या उष्णतेने तबकडी सरळ होते, तिच्यापासून थोडेच पुढे गेले की ही वळणे बिघडतात. घरगुती ओव्हनचे तापमान काही अंशांनी सहज वरखाली होते. हेअर ड्रायर तर एकाच जागी तापवतो आणि नवा बाक आणतो. अनेकांच्या रेकॉर्डी अशा सरळ झाल्या, हे खरे. पण सपाटपणा डोळ्यांना दिसतो, खाचेची हानी कानांनाच कळते. रेकॉर्ड सरळ करण्याची खास यंत्रे नियंत्रित, सौम्य उष्णता देतात आणि ती दाबाखालीच हळूहळू थंड होऊ देतात. गरम असतानाच बाहेर काढलेली रेकॉर्ड पुन्हा वाकू शकते.

प्रत्येक बाक घातक असतो, हेही खरे नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद, एवढ्या वेळात सौम्य चढउतार सुई धरणारा टोनआर्म सहज पेलतो. सुई उडत नसेल, तर उपचाराची गरजच नाही. थोडा बाक रेकॉर्ड दाबून धरणाऱ्या क्लॅम्पनेही आवरतो. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींना मात्र हे उपाय लावू नयेत. त्या ठिसूळ असतात, दाबाने तडकतात. दुसरी प्रत मिळणार नाही अशी एलपी वाजत असेल, तर आहे तशीच वाजवून आधी तिचे डिजिटल ध्वनिमुद्रण करावे. बिघडलेली खाच पुन्हा कोरता येत नाही, म्हणून सरळ करण्याचा प्रयोग नेहमी त्यानंतरच.