पुनर्भरित पिस्तूल-काडतुसांतील फुगीर पुंगळी : कारणमीमांसा व निदान

पिस्तुलाच्या काडतुसातील पितळी पुंगळी म्हणजे गोळी, दारू व टोपी यांना एकत्र धरणारे पात्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. तिचे खरे महत्त्वाचे कार्य मात्र बार उडाल्यानंतरच्या अल्पशा क्षणात घडते. त्या क्षणी ती फुगून नळीच्या मागील कक्षाच्या भिंतीस घट्ट चिकटते आणि तप्त वायूंचा मागील मार्ग बंद करते. दाब उतरताच ती किंचित आकसते व सहज बाहेर काढता येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून त्या घरच्या घरी हातदाबयंत्रावर पुन्हा भरण्याचा छंद मोठ्या प्रमाणावर प्रचलित आहे. या छंदात वारंवार भेडसावणारा दोष म्हणजे भरलेल्या काडतुसाची पुंगळी कोठेतरी फुगलेली आढळणे. फुगवटा हे केवळ लक्षण होय. त्याची कारणे अनेक असून त्यांतील काही निरुपद्रवी, तर काही नेमबाजाच्या हातास व डोळ्यास इजा करणारी आहेत. म्हणून त्यांतील भेद ओळखण्याची रीत पाहणे अगत्याचे आहे.

पुंगळीवर पडणारा भार

पुंगळीचे पितळ सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. ९ मि.मी. लूगर या जातीच्या काडतुसासाठी अमेरिकेतील प्रमाणकांनी कमाल दाब दर चौरस इंचास ३५,००० पौंड, म्हणजे सुमारे २४१ मेगापास्कल, ठरविला आहे. .४५ एसीपी या जातीसाठी ही मर्यादा २१,००० पौंड आहे. लूगर पुंगळीची तोंडाजवळील भिंत सुमारे ०.३ मि.मी. जाड व आतील त्रिज्या सुमारे ४.५ मि.मी. असते. पातळ भिंतीच्या नळकांड्यातील परिघीय प्रतिबल म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, या सूत्राने ते सुमारे ३,६०० मेगापास्कल येते. चांगले कठीण केलेले पितळही याच्या पाचव्या हिश्शाइतके प्रतिबल सोसू शकत नाही. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते : दाब पेलण्याचे काम कक्षाची पोलादी भिंत करते, पुंगळी केवळ वायू अडविते. जेथे पोलादाचा आधार नाही तेथे पुंगळीला आपल्या अंगच्या जाडीवरच विसंबावे लागते. तिचे बूड जाड व घन ठेवलेले असते ते याचसाठी.

बार उडताना पितळास कायमची विकृती येते व ते कक्षाच्या मापाचे होते. पुनर्भरणाची पहिली क्रिया म्हणजे ही पुंगळी एका कठीण साच्यात दाबून पुन्हा मूळ मापास आणणे. त्यानंतर तोंड किंचित विस्फारणे, नवी टोपी बसविणे, दारू मापून घालणे, गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसविणे आणि शेवटी विस्फारलेले तोंड आवळून सरळ करणे, असा क्रम असतो. फुगवटा यांपैकी कोणत्या क्रियेनंतर प्रथम दिसतो, हा निदानाचा मुख्य प्रश्न होय.

फुगवट्याचे प्रकार

पहिला प्रकार सर्वांगी व सौम्य असतो. साच्यातून निघालेल्या पुंगळीचा आतील व्यास गोळीच्या व्यासाहून थोडा लहान ठेवलेला असतो. त्यामुळे गोळी बसली की तिच्या बुडाची कड बाहेरून अस्पष्ट उमटते व पुंगळीला किंचित कंबर आल्यासारखी दिसते. हा फुगवटा चहूबाजूंनी सारखा असून काडतूस कक्षात सहज उतरत असेल, तर तो दोष मानण्याचे कारण नाही. गोळी घट्ट धरली गेल्याची ती खूणच होय.

दुसरा प्रकार एकांगी असतो. तोंड पुरेसे विस्फारलेले नसल्यास किंवा गोळी दाबणाऱ्या खुंटीचा आकार गोळीच्या नाकाशी जुळत नसल्यास गोळी तिरपी शिरते व एका बाजूची भिंत बाहेर ढकलते. तोंड थोडे अधिक विस्फारणे, गोळी सरळ उभी ठेवूनच दाब देणे आणि योग्य आकाराची खुंटी वापरणे हा त्यावरील उपाय.

तिसरा प्रकार तोंडाच्या लगत खाली दिसतो. अनेक साच्यांत गोळी बसविणे व तोंड आवळणे या दोन्ही क्रिया एकाच दाबात होतात. गोळी अद्याप खाली सरकत असतानाच तोंड तिच्या अंगात रुतले, तर खालील भिंतीवर उभा दाब येऊन ती वाकते. साचा गरजेपेक्षा खाली उतरविलेला असल्यास हे हमखास घडते. पुंगळ्यांची लांबी विषम असल्यास लांब पुंगळ्यांतच ते आढळते. दोन्ही क्रिया दोन स्वतंत्र साच्यांत केल्या की हा दोष नाहीसा होतो. येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. लूगर व .४५ एसीपी ही काडतुसे कक्षात आपल्या तोंडाच्या कडेवर टेकतात. ही कड आत वळविल्यास टेकण्याची जागाच उरत नाही. म्हणून या जातींत तोंड फक्त विस्फार जाईपर्यंत आवळावयाचे असते. कड आत वळविण्याची रीत .३८ स्पेशल किंवा .३५७ मॅग्नम यांसारख्या, काठावर टेकणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची आहे.

चौथा प्रकार गोळी व पुंगळी यांच्या मापांच्या विसंगतीतून उद्भवतो. लूगरची कवचयुक्त गोळी ०.३५५ इंच व्यासाची असते. त्याऐवजी .३८ स्पेशलसाठी ओतलेली ०.३५८ इंचाची शिशाची गोळी बसविल्यास पुंगळी फुगणारच. तसेच जड व लांब गोळीचे बूड पुंगळीच्या खालच्या, जाड होत जाणाऱ्या भिंतीपर्यंत पोचले, तरीही फुगवटा येतो. अशी भरलेली काडतुसे पुन्हा साच्यात दाबून बारीक करण्याचा मोह होतो; परंतु पितळ दाबानंतर किंचित मागे उसळते, शिसे तसे उसळत नाही. परिणामी गोळीची पकड सैल पडते. सैल गोळी भरणाच्या धक्क्याने आत सरकली, तर दारूसाठी असलेली जागा कमी होऊन दाब धोकादायक प्रमाणात वाढतो.

पाचवा व सर्वांत गंभीर प्रकार बुडाच्या वरच्या बाजूस आढळतो. काडतूस सुलभपणे वर चढावे म्हणून कक्षाच्या खालच्या कडेस उतार दिलेला असतो. हा उतार फार आत गेला असल्यास तेवढा भाग आधाराविना राहतो व तेथे पुंगळी एका बाजूस फुगते. साच्याच्या मुखाशी गोलाई असल्याने आणि पुंगळीचा काठ धारकात अडकलेला असल्याने हा भाग साच्यात पूर्णपणे शिरत नाही. साचा धारकाला टेकेपर्यंत खाली न आणल्यास दोष अधिकच राहतो. सौम्य फुगवटा नीट बसविलेल्या साच्याने दूर होतो. तथापि फुगवट्याची कड तीक्ष्ण असेल, तेथे चंद्रकोरीसारखी घडी दिसत असेल, तर ती पुंगळी मोडीत काढावी. साच्याने आकार परत येतो, पण ताणलेल्या धातूची जाडी परत येत नाही. अशी पुंगळी पुढील बाराला त्याच जागी फाटून तप्त वायू मुठीकडे व गोळ्यांच्या खान्यात शिरू शकतात. एकाच पिस्तुलातून निघालेल्या सर्व पुंगळ्या असा फुगवटा दाखवीत असतील, तर दारूचे प्रमाण अथवा शस्त्र यांची तपासणी आधी व्हावयास हवी.

निदानाची रीत

निदानासाठी दारू व टोपी न घातलेली नमुन्याची काडतुसे तयार करावी आणि प्रत्येक क्रियेनंतर मायक्रोमीटरने बुडापाशी, मध्यावर व तोंडाशी माप घ्यावे. लूगरच्या पुंगळीचा बाह्य व्यास बुडापाशी सुमारे ९.९३ मि.मी. व तोंडाशी ९.६५ मि.मी. असतो, म्हणजे ती मुळातच निमुळती आहे, हे विसरू नये. नंतर पिस्तुलाची नळी सुटी करून काडतूस तिच्या कक्षात सोडावे. ते आपल्या वजनाने पूर्ण उतरले, बोटाने फिरविता आले व नळी उलटी करताच बाहेर पडले, तर माप योग्य समजावे. अडकल्यास पुंगळीवर काळी शाई लावून पुन्हा सोडावे. जेथे शाई खरवडली जाईल तेथे दोष आहे. अखेरीस गोळी मेजाच्या कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबून काडतुसाची लांबी पूर्वीइतकीच राहते काय ते पाहावे. शंकास्पद काडतूस उडवून पाहण्यात शहाणपणा नाही. ते उपकरणाने उकलून त्यातील भाग वेगळे करावे.

अवशिष्ट प्रतिबलाचा प्रश्न

दाबून, विस्फारून व आवळून घडविलेल्या पितळात प्रतिबल शिल्लक राहते. भारताच्या इतिहासाशी या प्रश्नाचा निकट संबंध आहे. ब्रिटिश अमदानीत येथील लष्करी साठ्यांतील पुंगळ्यांना पावसाळ्यात, न उडविताही, तडे जात. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या ऋतुजन्य तड्यांचा उलगडा झाला. अवशिष्ट प्रतिबल व दमट हवेतील अमोनिया ही दोन्ही कारणे एकत्र आली म्हणजे पितळ भंगते. सौम्य उष्णतेने प्रतिबल शिथिल केल्यास तडे टळतात. पुनर्भरण करणाराने अमोनियायुक्त द्रावणाने पुंगळ्या घासू नयेत, या सल्ल्यामागे हेच तत्त्व आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे येथे हा विषय घरगुती छंदाचा नसून धातुविज्ञान व उपयोजित यामिकी यांच्या अभ्यासकांचा आहे. घडविताना धातूस आलेला प्रत्येक आकार त्याच्यावर पडलेल्या भाराची नोंद असतो. ती नोंद वाचल्यावाचून केवळ आकार पूर्ववत करणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे, तर तो दृष्टीआड करणे होय.