तीन ट्रॉम्बोन आणि एक गंधार

वाद्यवृंद ऐकताना : लेखांक 11

ब्राम्सची पहिली सिंफनी 1876 साली कार्ल्सरूहमध्ये पहिल्यांदा वाजली. रचना साधारण पाऊण तासाची. तिचे पहिले तीन भाग चालू असताना ट्रॉम्बोनचे तिघे वादक मागच्या बाजूला नुसते बसून असतात. त्या तीन भागांत त्यांना एकही स्वर दिलेला नाही. चौथ्या भागात हॉर्नची ती गाजलेली धून उमटते, त्या सुमारास त्यांची पाळी येते. पण गर्जना करायची नसते. बासूनच्या जोडीने एक छोटी, मंद, प्रार्थनेसारखी ओळ वाजवायची असते. तेवढ्या ओळीसाठी ब्राम्सने त्यांना जवळजवळ अर्धा तास थांबवून ठेवलेलं असतं.

मागच्या लेखात ट्रंपेट पाहिला. चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्रांमुळे त्या वाद्याचा आवाज आपल्या ओळखीचा आहे. ट्रॉम्बोन तितका ओळखीचा नाही, आणि पितळी वाद्य म्हणजे दणदणाट हा समज त्याच्याबाबत सर्वांत जास्त घट्ट आहे. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. वाद्यवृंदात माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारं पितळी वाद्य हेच, आणि त्याचं मोठेपण एकट्याने वाजण्यात नाही, तिघांनी मिळून एक स्वरसंगती उभी करण्यात आहे.

याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. पितळी वाद्यात ओठ कंप पावतात आणि नळीतली हवा त्यांना साथ देते. नळीची लांबी ठरलेली असेल तर ठरावीकच स्वर निघतात: षड्ज, त्याच्या वरचा षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज, मग गंधार. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार याच मालिकेतला पाचवा. अठराव्या शतकातले ट्रंपेट आणि हॉर्न या मालिकेत अडकलेले होते. 1818 साली श्टॉल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि मग हळूहळू त्यांना सगळे स्वर मिळाले. ट्रॉम्बोनला मात्र ही अडचण कधी आलीच नाही, कारण त्याची नळीच सरकते. स्लाइड पूर्ण आत असताना टेनर ट्रॉम्बोनची नळी पावणेतीन मीटरच्या आसपास असते. स्लाइड बाहेर काढत नेली की एकेक अर्धस्वर खाली जाता येतं. अशा एकूण सात पोझिशन्स. सातवीला हात जवळजवळ पूर्ण ताणला जातो. स्लाइडवर खुणा नसतात, पडदे नसतात. सारंगीवाल्याचं बोट जसं कानाच्या हुकमावर थांबतं, तसा इथे हात थांबतो.

म्हणून पंधराव्या-सोळाव्या शतकापासून युरोपातल्या चर्चमध्ये ट्रॉम्बोन गायकांच्या शेजारी जाऊन बसला. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमधल्या जोव्हान्नी गाब्रिएलीने 1597 साली छापलेल्या एका प्रसिद्ध सोनाटात आठ वाद्यं आहेत, त्यातले सहा ट्रॉम्बोन. कुठे हळू वाजवायचं आणि कुठे मोठ्याने, हे छापून सांगणाऱ्या सुरुवातीच्या रचनांपैकी ती एक. साल्झबर्ग आणि व्हिएन्नाच्या चर्चमध्ये तर आल्टो, टेनर आणि बास असे तीन आकारांचे ट्रॉम्बोन समूहगायनातल्या त्या-त्या आवाजाची ओळ जशीच्या तशी वाजवत. गायकाचा श्वास कमी पडला तरी ओळ तुटत नसे. ट्रॉम्बोन आजही वाद्यवृंदात तिघांच्या गटाने बसतात, त्याचं मूळ इथे आहे. आल्टोची जागा पुढे बहुधा दुसऱ्या टेनरने घेतली, पण रचना तीन गळ्यांचीच राहिली.

चर्चमधून हे वाद्य ऑपेरात गेलं ते परलोकाचा आवाज म्हणून. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’त (1787) मेलेल्या माणसाचा पुतळा बोलू लागतो तेव्हा ट्रॉम्बोन येतात. त्याच्याच ‘रेक्विएम’मध्ये न्यायदिनाच्या भागात एकटा टेनर ट्रॉम्बोन आधी ओळ म्हणतो आणि मग बास गायक ती उचलतो. या दोघांतला फरक ओळखणं कधी कधी कठीण जातं, इतके ते जवळचे वाटतात.

सिंफनीत ट्रॉम्बोन रुजवला तो बेटोव्हनने. पाचवी सिंफनी, 22 डिसेंबर 1808, व्हिएन्नाचं थिएटर आन डेर व्हीन. थंडी कडाक्याची, कार्यक्रम चार तासांचा. तिथेही तिघे शेवटच्या भागापर्यंत गप्प आहेत, आणि तो भाग सुरू होताच सगळ्यांबरोबर एकदम पूर्ण जोरात येतात. या तीन ट्रॉम्बोनांचा आवाज सहा टिंपनींपेक्षा मोठा आणि चांगला होईल, असं त्याने आपल्या एका आश्रयदात्याला पत्रात कळवलं होतं. ट्रॉम्बोनच्या दणदणाटाची कीर्ती बरीचशी इथून सुरू होते. पण याच बेटोव्हनने 1812 साली लिंत्समध्ये सर्व मृतात्म्यांच्या दिवसासाठी चार ट्रॉम्बोनांच्या तीन छोट्या रचना लिहिल्या. त्या इतक्या संथ आणि गंभीर आहेत की 1827 साली खुद्द त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांचा उपयोग झाला. मला विचाराल तर ट्रॉम्बोन समजून घ्यायला पाचव्या सिंफनीच्या आधी या ऐकाव्यात.

आता गंधाराकडे. पियानोचा किंवा हार्मोनियमचा गंधार समान अंतरांत बसवलेला असतो, त्यामुळे तो नैसर्गिक गंधारापेक्षा अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा लागतो. तानपुऱ्याशी जुळवलेल्या कानाला हे लगेच खटकतं. ट्रॉम्बोनच्या गटात ज्याच्याकडे गंधार असेल तो स्लाइड किंचित बाहेर सरकवून तो उतरवतो. मग तिघांचे स्वर एकमेकांत मिसळतात आणि तीन वाद्यांऐवजी एकच मोठं वाद्य वाजतंय असं वाटतं.

एक उदाहरण देतो, पेटीवर स्वर शोधणाऱ्यांना ते चटकन उमगेल. ट्रॉम्बोनचा मूळ स्वर काळी पाच. पांढरी दोन हा त्याचा गंधार, आणि तो पहिल्या पोझिशनला स्वयंभू, म्हणजे थोडा उतरा, निघतो. काळी पाचवर उभ्या असलेल्या स्वरसंगतीत तो अगदी चपखल बसतो. पण हाच स्वर पांढरी पाचच्या संगतीत पंचम म्हणून आला, तर उतरा लागतो. पहिल्या पोझिशनला स्लाइड पूर्ण आत असते, ती आणखी आत नेऊन स्वर चढवणार कसा? त्यासाठी चौथी पोझिशन आहे. तिथे नळीचा मूळ स्वरच पांढरी पाच होतो आणि पांढरी दोन त्याचा नैसर्गिक पंचम म्हणून निघते. स्वर तोच, नातं वेगळं, म्हणून हाताची जागाही वेगळी. चांगला वादक आपल्या ओळीबरोबर शेजारच्या दोघांच्या हातात कोणता स्वर आहे हेही सतत ऐकत असतो. तिसऱ्या खुर्चीवर बास ट्रॉम्बोन असतो आणि त्याच्या पलीकडे बहुधा ट्यूबा. संगती तिथून, खालून वर रचली जाते.

हे सगळं हळू आवाजात करणं फार अवघड. जोरात फुंकलं की ओठ आपोआप थरथरतात, मंद वाजवताना तो थरथराट जेमतेम जिवंत ठेवावा लागतो. त्यात ब्राम्ससारखा लांब खंड पडला की वाद्य थंड होतं, आणि थंड पितळ सूर उतरवतं. म्हणून पाळी जवळ आली की ट्रॉम्बोनवादक आवाज न करता नळीत गरम श्वास सोडताना दिसतात. मुंबईत एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला गेलात तर मागच्या रांगेवर जरूर नजर ठेवा.

शुबर्टने मोठ्या सी मेजर सिंफनीच्या पहिल्याच भागात तिन्ही ट्रॉम्बोनांना अगदी मंद आवाजात मुख्य धून दिली. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीच्या (1893) शेवटच्या भागात टॅमटॅमचा एक हलका ठोका पडतो आणि त्यानंतर तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा एवढेच उरतात. ते हळूहळू विरत जातात. वाग्नरची व्हाल्किरींची स्वारी यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहे, आणि तिथे ट्रॉम्बोन जे करतात ते थरारक आहेच. त्याबद्दल इथे वेगळं सांगायची गरज नाही, ते ऐकू येतंच.

न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर किड ओरीने या वाद्याला मोकळं कसं सोडलं आणि एलिंग्टनच्या वाद्यवृंदात नँटन, ब्राउन आणि टिझोल हे तीन निराळे गळे एका रांगेत कसे बसले, हा पुढच्या आठवड्याचा विषय. तोवर ब्राम्सचा चौथा भाग ऐका. सुरुवातीचा अंधारलेला तुकडा, तारवाद्यांची चिमटीने छेडलेली, वेग घेत जाणारी लगबग, टिंपनीचा गडगडाट, हॉर्न, मग बासरी. त्यानंतर खालून येणारी ती मंद ओळ. ऐकताना तीन स्वर सुटे करायचा प्रयत्न करा. मधला सापडायला सर्वांत जास्त वेळ लागतो.