दिवाणखान्यातील मैफल : पहिला हाय-फाय संच घेताना

बंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगर ही एके काळी गर्द झाडांची, शांत वसाहत म्हणून ओळखली जात असे. सैन्यदलांतून आणि सार्वजनिक उपक्रमांतून निवृत्त झालेल्या मंडळींची बैठी घरे, पुढे लहानशी बाग आणि दुपारी रस्त्यावर शुकशुकाट, असे तिचे रूप होते. आता शंभर फुटी रस्ता दुकानांनी आणि उपाहारगृहांनी गजबजला आहे, सी.एम.एच. रस्त्यावरील उन्नत मार्गावरून ऑक्टोबर २०११ पासून मेट्रो धावते आहे आणि बहुतेक बैठ्या घरांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आहेत. अशाच एखाद्या सदनिकेत नोकरीनिमित्त आलेले एक मराठी दांपत्य राहते, असे समजू. गावाकडचे घर आवरताना वडिलांच्या ध्वनिमुद्रिकांची पेटी त्यांच्याकडे येते. पेटीत गदगचे भीमसेन जोशी आहेत, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आहेत, मुंबईच्या किशोरी आमोणकर आहेत. (गाण्यापुरती तरी महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्ये कधी वेगळी झालीच नाहीत!) या ध्वनिमुद्रिका ऐकण्याजोगा संच घरात असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. प्रश्न उरतो तो खर्चाचा आणि निवडीचा.

दुकानात पाऊल टाकताच ग्राहकाची पहिली भेट होते ती आकड्यांशी. खोक्यावर ठळक अक्षरांत हजार, दोन हजार, कधी पाच हजार वॅट छापलेले असतात आणि त्यापुढे बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ असते. या मापाला कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही. क्षणार्धापुरती निर्माण होऊ शकेल अशी कल्पित शक्ती, एवढाच त्याचा अर्थ. ग्राहकाने पाहावयाचे ते ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे यंत्र सातत्याने देऊ शकते ती शक्ती. खरे-खोटे ताडण्याचा एक सोपा मार्ग आहे. यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर ते किती वीज घेते, हे लिहिलेले असते. जे यंत्र भिंतीतून चाळीस वॅट घेते, ते सतत पाचशे वॅट आवाज कोठून देणार?

मुळात घरगुती श्रवणाला फार शक्ती लागत नाही. स्पीकरची संवेदनशीलता डेसिबलमध्ये दिलेली असते. ८७ डेसिबलचा स्पीकर एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो, आणि तेवढा आवाज दिवाणखान्यात मोठाच वाटतो. संथ आलापी ऐकताना अँप्लिफायर बहुधा एक वॅटही खर्च करीत नसतो. उरलेली शक्ती तबल्याच्या थापेसारख्या अचानक उसळणाऱ्या ध्वनीसाठी राखीव असते. म्हणून ३० ते ५० वॅट आरएमएसचा अँप्लिफायर सामान्य खोलीला पुरेसा होतो. शक्ती दुप्पट केली, म्हणजे ३० ऐवजी ६० वॅट घेतले, तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. तो दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. मोठ्या आकड्यासाठी मोजलेले पैसे कोठे जातात, हे यावरून ध्यानात यावे.

मग पैसे कोठे घालावेत? प्रामुख्याने स्पीकरमध्ये. संचातील इतर घटकांच्या तुलनेत स्पीकरांचे स्वभाव एकमेकांपासून सर्वाधिक भिन्न असतात, आणि खोलीत उमटणारा ध्वनी अखेर त्यांच्याच पडद्यातून येतो. रु. ४०,००० चे अंदाजपत्रक धरले, तर त्यातील निम्मे, म्हणजे रु. २०,००० स्पीकरच्या जोडीला द्यावेत, रु. १२,००० अँप्लिफायरला, रु. ५,००० ध्वनीच्या उगमाला आणि उरलेले रु. ३,००० तारा व बैठकींना. बाजारभाव बदलत राहतील. लक्षात ठेवावयाचे ते प्रमाण. याच रकमेत पाच लहान स्पीकर आणि एक जाडजूड ‘वूफर’ असलेला होम थिएटर संचही मिळतो, आणि पाहुण्यांवर छाप पाडण्याच्या दृष्टीने तो सरसही ठरतो. परंतु तेवढ्याच पैशांचे सहा वाटे केल्यावर प्रत्येक वाट्याला काय येणार, हे उघड आहे. संगीतासाठी दोन चांगले स्पीकरच बरे.

खरेदीची घाई करू नये, असे सांगण्यास आणखी एक कारण आहे. विक्रेता रु. ६०,००० चा संच दाखवतो आणि ‘महिन्याला तीन हजारसुद्धा नाहीत’ असे म्हणतो. दरसाल १४ टक्के व्याजाने २४ महिन्यांचे वैयक्तिक कर्ज घेतल्यास मासिक हप्ता सुमारे रु. २,८८० येतो आणि एकूण परतफेड रु. ६९,००० च्या वर जाते. याउलट दरमहा रु. ३,३०० ची आवर्त ठेव वर्षभर चालविली, तर ६.५ टक्के व्याजदराने वर्षाअखेरीस सुमारे रु. ४१,००० हाती येतात. एकीकडे नऊ हजार रुपये व्याजापोटी द्यावयाचे, तर दुसरीकडे चौदाशेच्या आसपास मिळवायचे. ‘शून्य टक्के व्याजा’च्या हप्त्यांविषयी तर रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की, अशा शून्य टक्क्याला वस्तुतः अस्तित्व नाही, व्याज कोठे तरी, कोणाकडून तरी वसूल होतच असते. आजच्या ‘विनाखर्च’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील कर ग्राहकाच्या माथी पडू शकतो. शिवाय रोख घेणाऱ्याला जी सवलत मिळाली असती, ती त्याला मिळत नाही. वर्षभर थांबण्याचा एक आनुषंगिक लाभ असा, की तेवढ्या अवधीत चार दुकानांत जाऊन ऐकता येते. जाताना आपली परिचित ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. तानपुऱ्याची जवारी स्पष्ट उमटते का, डग्ग्याचा घुमारा गोल राहतो की नुसताच धप्पकन् वाजतो आणि गायकाचा श्वास ऐकू येतो का, या तीन गोष्टी कानाने तपासल्या, तर माहितीपत्रकातील बरेच काही वाचण्याची गरज उरत नाही.

संच घरी आला, तरी काम निम्मेच झालेले असते. उरलेले निम्मे खोली करते. बंगळुरूच्या सदनिकांत ग्रॅनाइटच्या किंवा गुळगुळीत फरशा, मोठ्या काचेच्या खिडक्या आणि कोऱ्या भिंती सर्रास आढळतात. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आले, तर कोणताही महागडा संच त्या खोलीत कर्कशच वाजणार. उपाय स्वस्त आहे : जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला भरदार पडदे आणि एका भिंतीशी पुस्तकांनी भरलेले कपाट. स्पीकर कोपऱ्यात दडपू नयेत. भिंतीला चिकटले की खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर, दोहोंमध्ये सुमारे दोन मीटर, ऐकणाऱ्याची जागा तितक्याच अंतरावर आणि वरचा लहान पडदा कानाच्या पातळीला, अशी मांडणी करून पाहावी. तारेसाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही. टाउन हॉलजवळील एस. पी. रस्त्यावर मीटरच्या भावाने मिळणारी दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घरातील अंतरांना उत्तम चालते. तांबडे टोक तांबड्याला व काळे काळ्याला जोडले आहे, याची मात्र खात्री करावी. एका स्पीकरची टोके उलटी लागली, तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर न बसता हवेत कोठे तरी विखुरतो. नवा संच ‘पोकळ वाजतो’ अशी तक्रार आल्यास प्रथम हेच पाहावे. ज्यांच्या खिडकीखाली रात्री उशिरापर्यंत रहदारी आणि उपाहारगृहांचा गोंगाट असतो, त्यांना शांततेसाठी पहाटच निवडावी लागेल. त्यांचाही आवाज शेजाऱ्यांना पोहोचतोच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील मर्यादा आहे.

ध्वनीच्या उगमासाठी आरंभी नवे काही घेण्याची गरजच नसते. माळ्यावर टाकलेला जुना डीव्हीडी प्लेअर सीडी वाजवू शकतो आणि भ्रमणध्वनीला लहानसा डॅक जोडला की तोही उत्तम चालतो. वडिलांच्या पेटीसाठी मात्र टर्नटेबल लागेल, आणि येथेच अधिक सावधगिरी हवी. दिसायला आकर्षक अशा स्वस्त, सूटकेसच्या आकाराच्या यंत्रांतील सुई अनेकदा पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक भाराने टेकते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. जादा भार आणि झिजलेली सुई मिळून खाचा खरवडतात, आणि जी ध्वनिमुद्रिका पुन्हा निघणार नाही तिचे नुकसान कायमचे होते. टर्नटेबलसोबत फोनो प्रीअँप्लिफायरही लागतो. ध्वनिमुद्रिका कापताना खर्ज मुद्दाम कमी व तार स्वर मुद्दाम अधिक ठेवलेले असतात. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए मानकानुसार ते पूर्ववत करण्याचे काम हे उपकरण करते. त्यावाचून गाणे चिरके आणि अशक्त ऐकू येते.

इंदिरानगरात घरोघरी कोणी ना कोणी अमेरिकेहून परतलेले असते आणि सामानातून अँप्लिफायर किंवा टर्नटेबल आणलेले असते. तेथील वीज १२० व्होल्ट, आपली २३० व्होल्ट. यंत्र थेट जोडल्यास धूर निघण्याची शक्यताच अधिक. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टचा प्रश्न सुटतो, परंतु तेथे विजेची वारंवारिता ६० आहे आणि येथे ५०. जुन्या पद्धतीच्या टर्नटेबलची मोटर वारंवारितेच्या तालावर फिरते. त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला २८ पेक्षाही कमी फेऱ्या घेते, गाणे संथ होते आणि गायकाचा षड्ज घसरून मंद्र धैवताच्याही किंचित खाली उतरतो. खर्च करून आणलेले यंत्र बिघडले आहे असे समजून दुरुस्तीला नेले जाते. बिघडलेले काहीच नसते. काही यंत्रांना ५० हर्ट्झसाठी वेगळी पुली मिळते, तर डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण येत नाही. जुने स्पीकर विकत घेतानाही पडद्याभोवतीची फोमची कड बोटाने हलकेच दाबून पाहावी. पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो.

पेटीच्या तळाशी बहुधा काही जड, ठिसूळ तबकड्या सापडतील. त्या ७८ फेऱ्यांच्या. आपल्याकडे त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यांची खाच दीर्घवादिकेच्या खाचेहून कितीतरी रुंद असल्याने त्यांना वेगळी, जाड सुई लागते, आणि टर्नटेबलला ७८ ची गती असावी लागते. त्या लाखेपासून बनलेल्या असल्यामुळे स्पिरिटने पुसल्यास पृष्ठभागच विरघळतो. किंचित ओलसर मऊ फडके पुरेसे आहे. असा संग्रह मोठा असेल, तर १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संग्राहकांच्या मंडळातील जाणकारांचा सल्ला घ्यावा. तोवर त्या आडव्या रचून ठेवू नयेत. एकावर एक वजन पडून त्यांना तडे जातात. जाड पाकिटात घालून कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.