क्लाउडमधल्या जॉब क्यूची यादी कोडने कशी काढायची? 'नेक्स्ट टोकन' समजून घ्या पुणे–लोणावळा लोकलमधून

इन्स्टाग्रामवर बोट वर सरकवलं की पुढच्या पोस्ट येतात. यूट्यूबवर खाली गेलात की आणखी व्हिडिओ लोड होतात. सगळं एकदम येत नाही, तुकड्यातुकड्याने येतं. या प्रकाराला पेजिनेशन म्हणतात, आणि कोड लिहायला लागलात की ते पहिल्याच आठवड्यात समोर येतं. आज आपण ते जरा वेगळ्या ठिकाणी बघू: एडब्ल्यूएस बॅच या क्लाउड सेवेतल्या जॉब क्यूच्या यादीत. इथे अर्धवट यादी वाचली तर खरे पैसे जाऊ शकतात, म्हणून मुद्दाम हे उदाहरण घेतोय.

आधी बॅच म्हणजे काय ते पाहू. समजा तळेगावच्या कॉलेजातल्या कुणाला प्रोजेक्टसाठी पवना धरणाचे काही वर्षांचे उपग्रह फोटो तपासून पाणी किती पसरलंय ते मोजायचंय. फोटो शेकडो, आणि प्रत्येकाला तीच प्रक्रिया. लॅपटॉप रात्रभर तापवण्यापेक्षा ही कामं क्लाउडला देता येतात. प्रत्येक काम म्हणजे एक जॉब, आणि जॉब जिथे थांबतात ती रांग म्हणजे जॉब क्यू.

मावळातल्या माणसाला हे घाटावरून लगेच कळेल. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला बोरघाट चढायचा असला की कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना, आणि ती गाडी लोणावळ्याच्या दिशेने वर ढकलतात. इंजिनं मोजकी आणि गाड्या जास्त झाल्या तर कुणाला तरी थांबावं लागणार. थांबलेली गाडी म्हणजे जॉब, थांबायची लाइन म्हणजे क्यू आणि बँकर म्हणजे कॉम्प्युट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी मशिनं. एकाच मशिनांवर दोन क्यू जोडल्या असतील तर ज्या क्यूचा प्रायॉरिटी आकडा मोठा, तिची कामं आधी बघितली जातात. (आपल्याकडे 'पहिला नंबर' म्हणजे वरचा. इथे उलटं आहे, 10 हा 1 च्या पुढे.)

यादी मागितली, पण सगळी आली का?

पायथॉनमध्ये बोटो-थ्री ही लायब्ररी वापरून 'डिस्क्राइब जॉब क्यूज' ही विनंती पाठवली की क्यूची यादी येते. प्रत्येक क्यूचं नाव, प्रायॉरिटी, ती चालू आहे की बंद, आणि तिच्याशी कोणती कॉम्प्युट एन्व्हायर्नमेंट जोडली आहे, सगळं त्यात असतं. पण एका उत्तरात जास्तीत जास्त 100 क्यू येतात. 'मॅक्स रिझल्ट्स' हा आकडा 1 ते 100 मध्ये कितीही ठेवता येतो. यादी उरली असेल तर उत्तरासोबत 'नेक्स्ट टोकन' नावाची अक्षरांची एक लांबलचक माळ येते. ती पुढच्या विनंतीत जशीच्या तशी परत पाठवायची, मग पुढचं पान मिळतं.

आता आपली लोकल घ्या. पुणे ते लोणावळा 17 स्टेशनं. समजा सर्व्हर एका वेळी 5 च स्टेशनं सांगतो. पहिलं पान: पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, आणि एक टोकन. ते परत दिलं की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी आणि नवं टोकन. तिसऱ्या पानावर घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत. चौथ्यावर मळवली आणि लोणावळा, आणि आता टोकन नाही. संपलं.

पहिलंच पान वाचून थांबलात तर तुमच्या प्रोग्रामच्या मते लोकल कासारवाडीला संपते. कामशेत नाही, लोणावळा नाही. आणि गंमत अशी की एरर येत नाही! प्रोग्राम आनंदाने '5 स्टेशनं सापडली' म्हणतो. ही चूक महिनोन्महिने लपते ती यामुळेच. खातं नवं असताना क्यू चारदोनच असतात, पहिल्या पानात सगळं बसतं, आणि कोड बरोबर आहे असं वाटत राहतं.

टोकन कशाला, पान नंबर का नाही?

हा प्रश्न पडायलाच हवा. 'पान 2 दे' म्हटलं असतं तर? समजा तुम्ही पहिलं पान वाचलं आणि तेवढ्यात कुणीतरी यादीतून दापोडी काढलं. मागची सगळी स्टेशनं एकेक जागा पुढे सरकली. पिंपरी आता पाचव्या जागेवर, म्हणजे पान 1 वर गेलं. तुम्ही पान 2 मागता, ते चिंचवडपासून सुरू होतं. पिंपरी तुम्हाला दिसलंच नाही. उलट मधे एखादं स्टेशन वाढलं असतं तर कासारवाडी दोनदा आलं असतं. 'कासारवाडी झालं, त्यानंतरचं दे' अशा खुणेने मागितलं की हा घोळ टळतो.

एडब्ल्यूएसच्या टोकनच्या आत नेमकं काय असतं ते उघड केलेलं नाही, आणि ते उलगडायच्या भानगडीत पडू नये. ते फक्त पुढचं पान मिळवण्यासाठी आहे.

कोड कसा लिहायचा

साध्या मराठीत पायऱ्या अशा. एक रिकामी यादी घ्या. विनंती पाठवा. आलेल्या क्यू यादीत टाका. उत्तरात नेक्स्ट टोकन आहे का बघा. असेल तर ते घालून पुन्हा विनंती, नसेल तर लूपमधून बाहेर. पाचसहा ओळींचं काम.

थांबायची अट मात्र नीट लिहा. बरेच जण '100 पेक्षा कमी आल्या म्हणजे शेवटचं पान' असं गृहीत धरतात. तसं करू नका. डायनॅमो-डीबी या सेवेत फिल्टर लावून स्कॅन केलं तर एखादं पान पूर्ण रिकामं येऊ शकतं, तरीही पुढे माल असतो. थांबायचं ते फक्त टोकन नसेल तेव्हाच.

लूप स्वतः लिहायचा कंटाळा आला तर बोटो-थ्रीमध्ये 'गेट पॅजिनेटर' आहे, त्याला 'डिस्क्राइब जॉब क्यूज' हे नाव दिलं की टोकनची ने-आण तोच करतो. माझं मत विचाराल तर एकदा हाताने लूप लिहा, मग आयुष्यभर पॅजिनेटर वापरा. एडब्ल्यूएसचं कमांड लाइन टूल तर सगळी पानं आपोआपच आणतं. 'नो पॅजिनेट' असं सांगितलं तरच ते पहिल्या पानावर थांबतं.

एवढं शिकलात की यूट्यूबची प्लेलिस्टही कोडने काढता येईल. तिथे एका पानात जास्तीत जास्त 50 व्हिडिओ आणि टोकनचं नाव 'नेक्स्ट पेज टोकन', बाकी तेच. काही सांगितलं नाही तर 5 च व्हिडिओ येतात, त्यामुळे सरावाला हे झकास.

आणखी एक. ही यादी एका रीजनपुरतीच असते. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन 2016 मध्ये सुरू झालं, हैदराबाद 2022 मध्ये. मुंबईची सगळी पानं वाचलीत तरी हैदराबादेत बनवलेली क्यू त्यात दिसणार नाही. म्हणजे बाहेर रीजनचा लूप, आत पानांचा.

पैशाचा मुद्दा

क्यूचे स्वतःचे पैसे लागत नाहीत, लागतात ते मशिनांचे. कॉम्प्युट एन्व्हायर्नमेंट ईसी-टू मशिनांवर असेल तर तिला 'मिनिमम व्हीसीपीयू' असा आकडा असतो. तो 0 पेक्षा जास्त ठेवला तर एकही जॉब नसताना तेवढी मशिनं चालू राहतात. एन्व्हायर्नमेंट नुसती डिसेबल केली तरी! आता प्रोजेक्ट संपल्यावर तुम्ही सफाईचा स्क्रिप्ट चालवला आणि त्याने पहिलंच पान वाचलं, तर दुसऱ्या पानावरच्या क्यूमागची मशिनं तशीच फिरत राहतील. आणि विद्यार्थ्यांच्या खात्याला कार्ड बहुतेक वेळा वडिलांचं जोडलेलं असतं.

सफाईचा क्रम असा: आधी क्यू डिसेबल करा, मग डिलीट करा. क्यू डिलीट केली की तिच्यातले जॉबही बंद पडतात, त्यामुळे हवे ते निकाल आधी उतरवून घ्या. क्यू गेल्यावर एन्व्हायर्नमेंट डिसेबल करून डिलीट करा. क्यू जोडलेली असेपर्यंत ती डिलीट होत नाही. शेवटी तोच यादीचा कोड पुन्हा चालवा, दोन्ही रीजनवर, टोकन संपेपर्यंत.